आधी दाराची रुंदी विचारा

मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भरायची वेळ आली की आई एक जाड वही काढते. सोलां (आमसुले) किती, सुक्या मिरच्या किती, खारे (सुके मासे) किती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आमची दुसरी यादी आहे, माझ्या धाकट्या भावाला घेऊन बाहेर पडायची. तो १९ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर पुरता ताबा राहत नाही. व्हीलचेअर वापरतो. त्याचे बोलणे परक्याला लगेच उमगत नाही, त्याला मात्र सगळे कळते. खोपोलीजवळच्या इमॅजिका या राईड्सच्या पार्कात जायचे असे तो तीन वर्षे म्हणत होता. फोंड्याहून तिथवर नेण्याआधी काय काय करावे लागते, ते त्या पानांवरून इथे उतरवते आहे. आपल्या गोव्यातल्या एखाद्या वॉटर पार्कला जायचे असले तरी यातले बरेचसे लागू पडेल.

सुरुवात त्याच्यापासून करा. पार्कमधल्या राईड्सचे व्हिडिओ मोबाईलवर दाखवा आणि त्यालाच ठरवू द्या: हवी, नको, तिथे गेल्यावर बघू. आम्ही मनातल्या मनात त्याच्यासाठी लहान मुलांची आगगाडी धरून ठेवली होती. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. उंचावरून खाली येणाऱ्या राईडवर बोट ठेवले. ती मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण चौकशी कशाची करायची हे त्यामुळे कळले.

मग फोन. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आमची पहिली सहल इथेच फसली होती. एका ठिकाणी फोन करून विचारले, "व्हीलचेअरची सोय आहे का?" पलीकडून उत्तर आले, "हो हो, सगळी सोय आहे." गेलो तेव्हा रॅम्प होता, पण स्वच्छतागृहाचे दार २२ इंच आणि भावाची खुर्ची २५ इंच. तासाभरात परतलो. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून "सोय आहे का" हा प्रश्नच मी विचारत नाही, माप विचारते. आधी घरी टेप घेऊन आपल्या खुर्चीची रुंदी मोजा, चाकांवरच्या कड्यांसकट. मग विचारा: स्वच्छतागृहाचे दार किती इंच? आत खुर्ची वळते का? कमोडच्या बाजूला धरायला दांडा आहे का? फाटकापासून राईडपर्यंत पायऱ्या किती? रॅम्पची उंची किती आणि लांबी किती? एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा असेल तर मागून ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटू शकते. उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल तर स्वच्छतागृहाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मागायला संकोच करू नका. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीसाठी लोक वापरतात त्या खासगी जागाही येतात. आपण मेहेरबानी मागत नसतो.

राईडबद्दल दोन प्रश्न वेगळे विचारायचे. पहिला, खुर्चीतून आसनावर कोण बसवणार? बहुतेक ठिकाणी कर्मचारी उचलत नाहीत, म्हणजे घरातली उचलायची सवय असलेली दोन माणसे बरोबर हवीत. दुसरा, राईड मध्येच वर अडकली तर खाली कसे उतरवतात? चालत जिना उतरावा लागत असेल, तर पार्कवाले नाही म्हणतात त्याला कारण आहे. ते घरीच समजलेले बरे. दोन तास रांगेत उभे राहून शेवटच्या फाटकावर नकार ऐकण्यासारखे वाईट दुसरे काही नाही.

डॉक्टरांना "पार्कला नेऊ का" असे मोघम विचारू नका, राईडचा व्हिडिओ दाखवून विचारा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. अशांना झटके देणारी राईड धोक्याची. आकडी येणाऱ्यांपैकी काहींना लुकलुकत्या प्रकाशाने त्रास होतो, म्हणून अंधाऱ्या शोची चौकशी आधीच करावी. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना पुरेसा घाम येत नाही, ऊन पटकन चढते. भावाच्या बाबतीत प्रश्न होता बसल्यावर धड सरळ राहण्याचा. डॉक्टरांनी तीन राईड्सना होकार दिला, त्याने बोट ठेवलेलीला नाही. त्या संध्याकाळी तो चिडला होता आणि आम्ही त्याला चिडू दिले.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), अपंगत्वाचा दाखला आणि आधार, प्रत्येकाची एक झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. रेल्वेचे सवलतीचे ओळखपत्र वेगळे असते, ते महिनाभर आधी मार्गी लावा. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत मिळते, तेवढीच एका सोबत्यालाही. आम्ही दिवसाची मांडवी एक्सप्रेस धरतो, पनवेलला उतरून रात्री झोपतो आणि सकाळी रस्त्याने पुढे जातो. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पनवेलला भल्या पहाटे टाकते, भावाचे अंग तेव्हा फार ताठलेले असते. आणि थिवी किंवा करमळी जवळ पडत असले तरी मडगावलाच चढा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे खुर्ची घडी करून आत घ्यायला निवांत वेळ मिळतो.

पिशवी थोडक्यात: टायरचा पंप, पाना, एक जादा ट्यूब, खुर्चीवरची गादी, डायपर, कपड्यांचे दोन जोड, प्लॅस्टिकची चादर, वाकणारी स्ट्रॉ, ओला टॉवेल. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवा, एकाच पिशवीत नकोत. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नसतील, तर गिळायला त्रास असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि फोनवरच बोलून ठेवा. आई पेज घट्ट करून थर्मासात भरते.

रंगीत तालीम घराजवळ करा. आम्ही त्याला अष्टमीच्या फेरीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास भरणाऱ्या बाजाराला, पणजीत नेले, गर्दी, भोंगे आणि धक्के किती वेळ सोसतात ते पाहायला. पन्नास मिनिटांनी त्याने मान फिरवली. म्हणून पार्कमध्येही दर पाऊण तासाने शांत सावलीत बसायचे, असे वहीत लिहिले. त्याच वेळी कूस बदलून पाठीखालचा भार हलवायचा. मिरामारच्या वाळूत चाके रुतली तेव्हा पुढच्या लहान चाकांत रेती जाते हेही कळले. पाण्याच्या राईडजवळही तीच चाके जपायची.

दिवस आठवड्यातला, सुट्टीला लागून नसलेला. आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह पाहून या, राईड मग. एक माणूस फक्त त्याच्याबरोबर, बाकीच्यांनी आळीपाळीने मजा करावी. रांगेत कोणी "याला काय झाले" असे माझ्याकडे बघून विचारले की मी भावाकडे हात करते. तो त्याच्या गळ्यातले कार्ड दाखवतो. कार्डावर त्याने माझ्याकडून तीन ओळी लिहून घेतल्या आहेत: माझ्याशी बोला. मी हळू बोलतो. थांबा.

मागच्या बाजूला एकच मोठा शब्द आहे, "पुरे". तो दाखवला की निघायचे, तिकिटाचे पैसे वसूल झालेले असोत वा नसोत. आम्ही गेलो त्या दिवशी आईला चार वाजताच निघावेसे वाटत होते. त्याने ते कार्ड सात वाजेपर्यंत उलटे केले नाही.