डब्याचा पिनहोल कॅमेरा: या चुका टाळा

पिनहोल कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी सुईचं भोक असलेला बंद डबा, आत फोटोचा कागद. उजेड लागेल तिथे हा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, काळा होतो. डब्यातून फोटो आला नाही की पहिला संशय भोकावर जातो. मग नवी सुई, नवा पत्रा, आणि पुन्हा तोच काळाकुट्ट कागद. भोक चुकलं तर फोटो धूसर येतो, पण येतो. कागद पार काळा किंवा पार कोरा निघाला तर दोष दुसरीकडे असतो आणि तो त्या कागदावरच लिहिलेला असतो. म्हणून फसलेला कागद रागाने फेकू नका. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, काढा, धुवा, वाळवा आणि उजेडात नीट बघा.

आधी कोपरे बघायचे. कागद काळ्या टेपने आत चिकटवला असेल, तर टेपखालचा भाग पांढरा आणि बाकी सगळं काळं म्हणजे डब्यात नको इतका उजेड गेला. टेपखालीही काळं असेल तर कागद डब्याबाहेरच बिघडलाय. गुन्हेगार बहुधा लाल दिवा. देव्हाऱ्यातला लाल रंग फासलेला झिरोचा बल्ब अनेकजण डार्करूमला लावतात, पण त्या रंगातून बाकीचा उजेडही झिरपतो. कोऱ्या कागदावर एक रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं त्या दिव्याखाली राहू द्या, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला. लाल एलईडी बरा, पण त्याचीही हीच परीक्षा घ्या.

कागद अगदी कोरा निघाला तर तो उलटा लागला होता का, ते आधी तपासा. लाल उजेडात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ओलसर बोट कोपऱ्याला लावा, चिकटते ती बाजू भोकाकडे.

आता गळती. दूध पावडरच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण ही पुण्यातल्या निम्म्या फसलेल्या फोटोंची जननी असावी, असं माझं मत आहे. बाहेरून काळं रंगवलं तरी त्यातून ऊन आत येतं. पत्र्याच्या झाकणाचा बिस्किटाचा डबा घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळणारा पातळ काळा कार्डशीट खोलीत ठीक, उन्हात एक थर पुरत नाही. तपासणी सोपी आहे: रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च चालू करून डब्यात ठेवा, झाकण लावा, डोळे सरावले की डबा फिरवून बघा. बोहरी आळीतून आणलेली काळी इन्सुलेशन टेप एप्रिलच्या उन्हात सुटायला लागते, तेव्हा वेढे दोन द्या आणि टोक सावलीच्या बाजूला ठेवा. आतला पत्रा चकचकीत ठेवला तर उजेड आतल्या आत नाचतो आणि फोटोच्या मध्यावर राखाडी पट्टा येतो. शाळेच्या फळ्याला लावतात तो ब्लॅकबोर्ड पेंट यावर उत्तम, कारण तो चमकत नाही.

एवढं निस्तरलं की मगच भोक. जितकं बारीक तितकं चांगलं, हा समज चुकीचा. एका मर्यादेपुढे प्रकाश कडांपाशी वळून पसरतो आणि फोटो उलट धूसर होतो. भोकापासून कागद १०० मि.मी. असेल तर सुमारे ०.४५ मि.मी. व्यास योग्य, ५० मि.मी. असेल तर ०.३. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा घ्या, सुईने नुसती खूण उठवा, मागचा उंचवटा झिरो नंबर पॉलिश पेपरने घासा, मग टोक हलकेच फिरवा. मोजायला स्कॅनर पुरतो: १२०० डीपीआयला ०.४५ मि.मी. म्हणजे साधारण २१ पिक्सेल. कड गोल आणि स्वच्छ हवी, खडबडीत नको.

वेळेचा हिशेबही इथूनच निघतो. भोकापासून कागदाचं अंतर भागिले भोकाचा व्यास, म्हणजे १०० भागिले ०.४५, याला एफ/२२२ म्हणतात. फोटोच्या कागदाची संवेदनशीलता आयएसओ (उजेड टिपण्याच्या वेगाचं माप) ६ धरली तर स्वच्छ उन्हात अर्धा मिनिट लागतं. श्रावणातल्या ढगाळ दुपारी तोच डबा चार ते आठ मिनिटं मागतो. मे महिन्यात भर दुपारी शनिवारवाड्यासमोर डबा लावलात तर रंग उलटे केलेल्या फोटोत आकाश फटफटीत आणि सावल्या मिट्ट काळ्या येतील. तो कागदाचा स्वभाव आहे, त्याला निळा-हिरवा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. (त्यामुळे बहरलेला गुलमोहरही काळाच येतो!) सकाळी आठच्या सुमारास जा.

फोटो दुहेरी आला तर डबा हलला. वेताळ टेकडीवर वारा असतो, तिथे वर वीट ठेवा. भोक झाकणारी टेप उचलताना भोकापुढे पुठ्ठा धरा, डबा स्थिर झाला की पुठ्ठा बाजूला करा.

डेव्हलपर घरी कॉफीपासूनही करता येतो. या कॉफीच्या डेव्हलपरमध्ये लोक हमखास दोन ठिकाणी अडकतात. पहिली गोष्ट सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही, धुण्याचा लागतो. तोही खडे स्वरूपात मिळाला तर त्यात बरंचसं वजन पाण्याचं असतं, म्हणून कोरड्या पावडरीच्या सुमारे २.७ पट घ्यावा लागतो. एक लिटरला ५४ ग्रॅम कोरडा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. चिकोरी मिसळलेली कॉफी नको. दुसरी गोष्ट पाणी. कृती २० अंशांसाठी असते आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. माठातलं पाणी वापरा, उरलेला फरक बर्फाने भागवा. भांडी मात्र वेगळी ठेवा, पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

काळ्या टेपने गुंडाळलेला डबा बसस्टॉपवर किंवा पुलाच्या कठड्यावर सोडून चहाला जाऊ नका. बेवारस वस्तू म्हणून कोणी पोलिसांना फोन केला तर त्याचं काही चुकलं नाही. महिनोन्‌महिने लावायचा डबा आपल्या गॅलरीत, किंवा सोसायटीला विचारून गच्चीवर, नावाची चिठ्ठी लावून ठेवा.

हा महिनोन्‌महिन्यांचा प्रकार म्हणजे सोलारग्राफ, सूर्याच्या रोजच्या वाटा एकाच कागदावर. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती उत्तरेकडच्या थंड देशांतल्या: कॅन उभा बांधा, तोंड दक्षिणेला, जून ते डिसेंबर. पुण्यात यातलं एकही जमत नाही. पुण्याचं अक्षांश १८.५ अंश. डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो, आणि साध्या उभ्या कॅनला समोरचं जेमतेम ४० अंशांपर्यंतच दिसतं. जूनमध्ये तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करा, नाहीतर दक्षिणेकडचा कॅन चांगला मागे कलवा. डबा २२ डिसेंबरच्या आसपास लावा आणि मृगाच्या आधी उतरवा. पावसाळ्यात पाणी आत शिरतं, कागदाला बुरशी येते, आणि ढगांमुळे सूर्याच्या रेषा तशाही तुटक येतात.

उतरवलेला कागद डेव्हलपरमध्ये घालू नका. त्याच्यावर चित्र आधीच उमटलेलं असतं, डेव्हलपर सगळं काळं करून टाकेल. अंधुक उजेडात बाहेर काढून कोरडाच स्कॅन करा. स्कॅनरचा उजेडही त्याला लागतो, म्हणून प्रीव्ह्यू टाळून पहिल्याच फेरीत हव्या त्या रिझोल्यूशनला घ्या, मग संगणकावर रंग उलटे करा.