गाईडना भेटून आलात की त्याच रात्री

पीएचडीच्या काळात मी निपाणीहून एसटीने बेळगावला गाईडना भेटायला जायचे. विषय होता 1981 चं निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन. सर कन्नड, मी मराठी. बोलणं तीन भाषांत मिसळून. "बायकांचं सेपरेट बघा," ते म्हणाले आणि मी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांवर अख्खं प्रकरण लिहून नेलं. त्यांना दुसऱ्या प्रकरणात एक भाग हवा होता. चार महिने गेले.

तेव्हापासून भेट झाली की त्याच रात्री मेल करायची सवय लावून घेतली: "सर, आज ठरलं ते असं. वखारीतल्या बायकांवर दहा पानं, दुसऱ्याच प्रकरणात. आणखी सहा मुलाखती. मसुदा 20 तारखेला. काही चुकलं असेल तर कळवा." इतकंच लिहा, लांबलचक मेल वाचली जात नाही. उत्तर आलं नाही तरी पुढच्या वेळी त्याच मेलची प्रिंट समोर ठेवून बोलायला सुरुवात करा. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हाही हेच कागद कामाला येतात.

गाईडना मराठी वाचता येत नसेल तर मुलाखतीचा उतारा मूळ मराठीत द्या आणि खाली इंग्रजी. मी 'खकाणा'चं भाषांतर नुसतं 'डस्ट' केलं होतं. मग बायका तोंडाला फडकं का बांधतात, असं सरांनी विचारलं. नाका-घशाला झोंबणारी, ठसका लावणारी ती धूळ समजावून सांगितली, तेव्हा त्यांनीच त्यावर वेगळी टीप लिहायला लावली.

गाईड ठरवण्याआधी त्यांच्या निवृत्तीचं वर्ष विचारा, त्यात उद्धटपणा नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4 विद्यार्थी असू शकतात. म्हणून भेटीची वेळ आधी मागून घ्या.

आणि मुलींनो, बाळंतपणासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा याच नियमांत आहे. मी ती मागायला दोन महिने कचरत बसले. तुम्ही तसं करू नका. अर्ज लिहून घेऊनच केबिनमध्ये जा आणि पोचपावतीची सही घेऊन बाहेर या.