फाउंडेशनचा वर्ग घेताय? या चुका टाळा

फाउंडेशन म्हणजे कला महाविद्यालयातलं पायाभरणीचं पहिलं वर्ष. दरवर्षी प्रवेश आटोपले की एखादा तरुण सहकारी कुठलीशी कार्यशाळा करून येतो आणि स्टाफरूममध्ये जाहीर करतो, ‘यंदा फाउंडेशनला सगळं नवीन. समोर वस्तू मांडून काढायचं घोकंपट्टीचं वस्तुचित्र बंद, प्रक्रियेवर भर.’ दिवाळीपर्यंत त्याच्याच वर्गात पोस्टर कलरने चौकटी भरणं पुन्हा सुरू झालेलं असतं. मग म्हणतो, मुलंच तशी. मुलं तशी नसतात हो. स्वाध्याय बदलला, गुण द्यायचा हात मात्र जुनाच राहिला, आणि मुलांची नजर पहिल्या दिवसापासून त्या हाताकडे असते.

मी शहाणपणा शिकवतोय असं वाटू नये म्हणून आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी थाटात ‘प्रक्रिया-वही’ सुरू केली. रोजचं निरीक्षण, कच्ची रेखाटनं, फसलेले प्रयत्न, सगळं वहीत हवं. गुण वीस. सबमिशनच्या दिवशी टेबलावर वह्यांचा ढीग लागला आणि मी हरखलो. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली पानं, दोऱ्याची शिलाई, काय विचारता! मग जरा नीट बघितलं. तीन महिन्यांच्या नोंदी, पण पेन एकच, शाईही एकसारखी ताजी. एका वहीत अनंत चतुर्दशीला वर्गात बसून केलेलं रेखाटन होतं. त्या दिवशी कॉलेजला कुलूप होतं. आणि ‘फसलेले प्रयत्न’ या मथळ्याखाली स्केलने आखलेल्या चौकटीत सहा नेटके, सुबक फसलेले प्रयत्न. त्या मुलीला बोलावलं, तर ती निरागसपणे म्हणाली, “सर, रात्रभर आम्ही चौघींनी मिळून फसवले.” तिला वीसपैकी सतरा दिले. दुसरं करणार काय? नेटकेपणाला गुण देणारा मीच होतो.

आता वही वर्गाच्या कपाटात राहते. पहिल्या दिवशी मुलं स्वतः पानांना आकडे घालतात, त्यामुळे पान फाडलं की कळतं. दर गुरुवारी पंधरा मिनिटं मी रांगेतून फिरतो आणि तारखेचा शिक्का मारतो. शेवटच्या चित्राइतकेच गुण वहीला. चहात बुडवलेली वही परत जाते. हे काही शास्त्र नाही, माझी खोड आहे, पण चालते.

बाकीच्या चुका थोडक्यात. बारा रंगांचं रंगचक्र तीन आठवडे रंगवून घेऊ नका. त्यातून ब्रश धरायला येतो, रंग कळत नाही. पिंटरेस्टवरून चित्रं उचलायला बंदी घालू नका, कोणी ऐकत नाही. संदर्भ चित्रासोबत चिकटवायला लावा. सीईटीच्या क्लासमधून पाठ करून आणलेली माणसं, म्हणजे डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि तोच तो फुगेवाला, स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, पहिल्या सत्रात तरी येऊ देऊ नका. ‘सर, सॉफ्टवेअर कधी?’ याचं माझं उत्तर ठरलेलं आहे : कात्रीने सरळ कापता आलं की.

पण ज्या चुकीने माझं डोकं आजही फिरतं, ती म्हणजे मुलाच्या कागदावर हात चालवणं. मी केलंय हे. एका मुलाला तांब्याचं बूड जमेना. तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून बुडाची रेषा तोही सपाट काढायचा. मी त्याच्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर बसलो, 6बी पेन्सिल घेतली, दोन मिनिटांत बूड गोलवलं. मागे उभी असलेली मुलं ‘वा सर’ म्हणाली. पुढे तीन महिने तो पोरगा प्रत्येक चित्र अर्धं करून थांबायचा. “सर, जरा बसा ना.”

आता मी तांब्या उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरतो. तोंड एक रेघ दिसतं. हळूहळू खाली आणतो, तसं ते उघडत जातं. डोळ्यापासून बूड तोंडाहून खाली, म्हणून त्याचा गोल जास्त उघडा. हे एकदा दिसलं की हात आपोआप वळतो. फारच राहवलं नाही तर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढतो आणि जाताना तो खिशात घालून घेऊन जातो.

नवीन म्हणून जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं शंभर वर्षांचं आहे. 1919 साली जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली. या शाळेच्या पायाभूत वर्गात योझेफ अल्बर्स हे शिक्षक मुलांच्या हातात साधं वर्तमानपत्र देऊन ‘यातून काहीतरी करा’ म्हणत. पुढे अमेरिकेत रंग शिकवताना ते ट्यूबऐवजी रंगीत कागद वापरायला लावत. मीही तेच करतो. लाल आणि हिरवा घोटीव कागद शेजारीशेजारी, दोन्हींवर मधोमध एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे. लालवरचा हिरवट दिसतो, हिरव्यावरचा तांबूस. मुलं पैज लावतात की सरांनी दोन राखाडी आणलेत. मग तुकडे उचलून एकमेकांवर ठेवायचे आणि वर्गाचा आवाज ऐकायचा. फक्त राखाडी कागद एकाच गठ्ठ्यातला घ्या. एकदा मी घाईत दोन दुकानांतून आणला, आणि पैज मुलं जिंकली.