टी४४० वर बिग सर: अडकलं तर आधी शेवटची ओळ वाचा

कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले थिंकपॅड टी४४० लॅपटॉप पुण्या-मुंबईहून आमच्या सांगलीपर्यंत येतात. मशीन दणकट, किंमत परवडणारी. त्यामुळं इंजिनिअरिंगची पोरं ते घेतात आणि त्यावर मॅकओएस चढवायला बसतात. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर मशीन येतं तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "ताई, सफरचंद दिसतं आणि पुढं काहीच होत नाही." मी विचारते, शेवटची ओळ कोणती होती? त्याचं उत्तर नसतं, कारण ओळी दिसतील अशी सोयच कुणी केलेली नसते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर चालवायची मुभा आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीनं साध्या पीसीवर मॅकओएस घालून विकायला काढलं होतं, २००९ मध्ये कोर्टानं निकाल ॲपलच्या बाजूनं दिला. म्हणून मी असं मशीन तयार करून विकत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकायला करणार असाल तर जबाबदारी तुमची. दुसरं, हे कशासाठी करताय ते ठरवा. बिग सरवर, म्हणजे मॅकओएस ११ वर, एक्सकोडची (ॲप बनवायचं ॲपलचं टूल) १३.२.१ च्या पुढची आवृत्ती चढत नाही आणि ॲप स्टोअरवर ॲप टाकायला आता त्याहून बरीच नवी लागते. स्विफ्ट शिकायला, मॅकची सवय करायला ठीक आहे. धंद्यासाठी मॅक हवा असेल तर एम१ चिपचा जुना मॅक शोधा. शिवाय इंटेल मॅकसाठी टाहो, म्हणजे २६, ही शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनं २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. या वाटेला पुढं रस्ता नाही.

बिग सरच का, तर टी४४० मध्ये हॅसवेल पिढीचा प्रोसेसर आहे, बहुतेक मशीनमध्ये आय५-४३००यू आणि त्यातलं एचडी ४४०० ग्राफिक्स. याच्या सगळ्यात जवळचा मॅक म्हणजे २०१३ चा मॅकबुक एअर, त्याचं मॉडेल नाव 'मॅकबुकएअर ६,२'. ॲपलनं त्याला बिग सरपर्यंतच साथ दिली. माँटेरेमध्ये हॅसवेलचे ड्रायव्हर आहेत, पण मॉडेल नाव बदलावं लागतं. व्हेंचुरात ड्रायव्हरच काढून टाकलेत. हौसेनं नवी आवृत्ती घालून मग ग्राफिक्ससाठी पॅच शोधत बसणाऱ्यांना माझा एकच सल्ला असतो: मागं या.

आता ओळी दिसायची सोय. ओपनकोर म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एनव्हीरॅमच्या (मशीन बंद केल्यावरही टिकणाऱ्या सेटिंगच्या) भागात बूट-आर्ग्ज नावाची जागा असते. तिथं '-व्ही', 'कीपसिम्स=१' आणि 'डीबग=०एक्स१००' असं तिन्ही टाका (इथं देवनागरीत लिहिलंय, फाइलमध्ये रोमन अक्षरं). पहिल्यानं सफरचंदाऐवजी मजकूर सरकताना दिसतो, तिसऱ्यानं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोलमडला तर मशीन लगेच रीस्टार्ट न होता मजकूर स्क्रीनवर राहतो. मजकूर फार पटकन पळतो, म्हणून मोबाइल स्लो मोशनवर लावून व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवत थांबवत वाचा. ओपनकोरची रिलीज नव्हे, डीबग आवृत्ती वापरा आणि कॉन्फिगमधल्या टार्गेटची किंमत ६७ ठेवा, म्हणजे पेनड्राइव्हवर लॉगची टेक्स्ट फाइलही तयार होते. सगळं सुरळीत झालं की हे काढून टाकता येतं.

आणखी एक अट. इंटरनेटवरून उचललेलं तयार ईएफआय फोल्डर (ओपनकोर आणि त्याच्या सगळ्या फाइली ज्यात असतात ते) माझ्यासमोर आणू नका. 'टी४४० फुल वर्किंग' असं नाव असलं तरी त्या माणसाचा बायोस, वायफाय कार्ड, स्क्रीन वेगळी असू शकते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आहे तो, दिसेल थोडंफार पण डोकं दुखेल. डॉर्टेनिया या ओपनकोरच्या ऑनलाइन मार्गदर्शिकेत हॅसवेल लॅपटॉपचं पान आहे, त्यावरून फोल्डर स्वतः बनवा. वेळ जातो, पण कुठली फाइल कशासाठी आहे हे कळतं आणि बिघाड शोधताना तेच कामाला येतं.

बायोसमध्ये एफ१ दाबून शिरा. सिक्युअर बूट बंद, बूट फक्त यूईएफआय, सीएसएम बंद, साटा मोड एएचसीआय. विंडोज आधीपासून असेल आणि साटा दुसऱ्या मोडवर असेल तर तो बदलल्यावर विंडोज सुरू होणार नाही, म्हणून आधी बॅकअप.

आता ओळींकडे.

ओपनकोरचा मेनूच दिसत नसेल आणि 'नो स्कीमा फॉर' अशा ओळी येत असतील, तर तुमची कॉन्फिग फाइल एका आवृत्तीची आणि ओपनकोर दुसऱ्या आवृत्तीचा आहे. पॅकेजमध्येच ओसीव्हॅलिडेट नावाचं टूल येतं, ते फाइलवर चालवा, चुका नावानिशी दाखवतं. हे टूल फुकट आणि क्षणात चालतं, तरी ते वापरून आलेला माणूस विरळाच.

मेनू आला, इन्स्टॉलर निवडला आणि 'एक्झिटबीएस स्टार्ट' या ओळीवर सगळं थिजलं, तर बूटलोडरनं मशीन कर्नलच्या हाती सोपवण्याच्या क्षणी घोटाळा झाला आहे. जुन्या लॅपटॉपवर हे ठिकाण सर्वांत जास्त छळतं. मेमरीच्या नकाशाशी संबंधित क्विर्क, म्हणजे कॉन्फिगमधली जुळवून घ्यायची सेटिंग्ज, तपासा. हॅसवेलसारख्या जुन्या फर्मवेअरवर 'एनेबलराइटअनप्रोटेक्टर' चालू आणि 'रीबिल्डॲपलमेमरीमॅप', 'सिंकरनटाइमपरमिशन्स' बंद हवेत. नव्या मशीनसाठी लिहिलेल्या सूचना वाचून लोक नेमकं उलटं करतात. मग कर्नलच्या भागात 'ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक' चालू आहे का बघा. प्रोसेसरचं एक रजिस्टर बायोसनं कुलूपबंद ठेवलेलं असतं, मॅकओएस त्यात लिहायला जातो आणि पडतो. डेस्कटॉपवर बहुधा बायोसमधून हे कुलूप काढता येतं, लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्याय सहसा दिसतच नाही.

मजकूर पळू लागला आणि मध्येच 'पॅनिक' शब्द आला तर घाबरू नका, उलट सोपं झालं. त्याखाली 'बॅकट्रेस', म्हणजे कोलमडण्याआधीच्या पायऱ्यांची यादी, असतो आणि त्यात बहुतेक वेळा एखाद्या केक्स्टचं (मॅकओएसच्या ड्रायव्हर फाइलचं) नाव. ते केक्स्ट कॉन्फिगमध्ये बंद करून पुन्हा बूट करा. केक्स्टचा क्रमही बघा: लिलू सर्वांत आधी, मग व्हर्च्युअलएसएमसी, मग व्हॉटेव्हरग्रीन आणि बाकीचे. लिलूवर अवलंबून असलेलं केक्स्ट त्याच्या आधी लावलं तर ते चालत नाही.

'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' किंवा आडवी रेघ मारलेलं वर्तुळ दिसलं, तर कर्नल सुरू झालाय पण त्याला पेनड्राइव्ह सापडेना. यूएसबी २ चा हब मध्ये घालून बघा, नाहीतर दुसरा पोर्ट. कायमचा उपाय म्हणजे पोर्टचा नकाशा. विंडोजमध्येच यूएसबीटूलबॉक्स चालवून प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह खुपसत तो करता येतो. कॅमेरा आणि ब्लूटूथसुद्धा आतून यूएसबीवरच असतात, ते नकाशातून गाळू नका. 'एक्सएचसीआयपोर्टलिमिट' हा शॉर्टकट ११.३ पासून चालत नाही.

'जीआयओस्क्रीनलॉकस्टेट' या ओळीनंतर पडदा काळा झाला तर गुन्हेगार ग्राफिक्स. एचडी ४४०० हे ॲपलनं कधी वापरलंच नाही, त्यामुळं त्याची ओळख बदलून सांगावी लागते. डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये प्लॅटफॉर्म आयडी '०६००२६०ए' आणि डिव्हाइस आयडी '१२०४००००'. हे आकडे उलट्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणून 'सुधारून' सुलटे करायला जाऊ नका. शंका असेल तर बूट-आर्ग्जमध्ये '-आयजीएफएक्सव्हेसा' टाकून एकदा चालू करा. त्यात ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, पण पडदा उजळला तर दोष नक्की कुठं आहे ते समजतं.

प्रत्येक वेळी एकच बदल करा, मग मेनूतून एनव्हीरॅम रीसेट, मग बूट. तीन बदल एकदम केले आणि चाललं, तर कशानं चाललं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

इन्स्टॉलर उघडला की पोरांना वाटतं जिंकलो. इथंही अडतं. डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हाइसेस' केल्याशिवाय पूर्ण डिस्क दिसत नाही. विंडोज ठेवायचं नसेल तर पार्टिशन नाही, पूर्ण डिस्क निवडून एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅपनं पुसा. सगळा डेटा जातो, हे पुसण्याआधी लक्षात घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एपीएफएस इतकं रखडतं की लोकांना मशीन हँग झाल्यासारखं वाटतं. एसएसडी घालायचीच.

ऑनलाइन रिकव्हरीनं करत असाल तर लॅन केबल लावा, इंटेलमाउझी केक्स्टनं टी४४० चा पोर्ट चालतो. जवळपास १२ जीबी उतरायचे असतात. मोबाइल हॉटस्पॉटवर हे करू नये. इन्स्टॉलर खराब आहे असा संदेश आला तर टर्मिनलमध्ये 'डेट' टाइप करून तारीख बघा. जुन्या लॅपटॉपची सीमॉस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) मेलेली असते, तारीख कुठल्या तरी जुन्या सालावर गेलेली असते आणि सर्टिफिकेट जुळत नाही. 'एक मिनिट बाकी' वर बराच वेळ थांबणं स्वाभाविक आहे. विंडो मेनूतून इन्स्टॉलर लॉग उघडा, ओळी हलत असतील तर चहा घेऊन या.

मध्ये मशीन काही वेळा रीस्टार्ट होतं. प्रत्येक वेळी मेनूत 'मॅकओएस इन्स्टॉलर' किंवा तुम्ही डिस्कला दिलेलं नाव निवडायचं. पुन्हा पेनड्राइव्हची रिकव्हरी निवडली की सगळं पहिल्यापासून, आणि माणूस म्हणतो इन्स्टॉल चक्रात अडकलंय.

डेस्कटॉप आल्यावरचं थोडक्यात. वायफायसाठी मूळचं इंटेल ७२६० कार्ड राहू द्या, एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएमनं चालतं, फक्त त्याची बिग सरसाठीचीच फाइल घ्या. एअरड्रॉप मिळणार नाही. दुसरं कार्ड घालायला गेलात तर या पिढीच्या थिंकपॅडचा बायोस अनधिकृत कार्ड म्हणून बूटच होऊ देत नाही. आवाजासाठी ॲपलएएलसी. तुमच्या कोडेकसमोर (आवाजाच्या चिपसमोर) दिलेले लेआउट क्रमांक 'एएलसीआयडी' मध्ये एकेक घालून बघा, स्पीकरबरोबर हेडफोन आणि माइकही तपासा. बॅटरीचा टक्का दिसत नसेल तर ईसीएनेबलर घाला. टी४४० ला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असतात. त्या एकत्र दाखवायला वेगळी एसएसडीटी (हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देणारी छोटी फाइल) लागते, नाहीतर टक्केवारी दिशाभूल करते. ब्राइटनेससाठी पीएनएलएफची एसएसडीटी.

विंडोजही ठेवलं असेल तर घड्याळ साडेपाच तास पुढंमागं होईल. मॅकओएस मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर धरतो, विंडोज भारतीय वेळेवर. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ची किंमत १ करा.

शेवटी ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवरून एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनवर न्या, तिथलं 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डर मात्र हलवू नका. चालणारा पेनड्राइव्ह पुसू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा. सिस्टिमचं ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. अपडेट घ्यायचंच असेल तर आधी नवा ओपनकोर आणि नवी केक्स्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून त्यावरून बूट करून बघा, चाललं तरच एसएसडीवरचं बदला.