कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकताय? कीवर्ड शोधताना या चुका टाळा

चप्पल लाईनमधलं दुकान ऑनलाइन गेलं की पहिला कीवर्ड, म्हणजे गिऱ्हाईक गुगलवर टाइप करेल असा आपण धरलेला शब्द, ठरलेला असतो: 'कोल्हापुरी चप्पल'. महिन्याला किती जण तो शोधतात हा आकडा मोठा दिसतो, म्हणून तोच होमपेजवर आणि तोच प्रत्येक जोडाच्या नावात. लोक येऊन बघून जातात, ऑर्डर काही पडत नाही. मग वेबसाइट करून देणाऱ्याला फोनवर फोन. त्या बिचाऱ्याचा दोष बऱ्याचदा नसतोच, शब्द निवडतानाच गडबड झालेली असते.

मोठ्या आकड्याला भुलणं

'कोल्हापुरी चप्पल' टाइप करणाऱ्यांत घेणारे किती? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दिसल्या आणि गदारोळ उठला. अशा दिवसांत हा शब्द शोधणाऱ्या कित्येकांना बातमी वाचायची असते. एरवीही त्यात नुसते फोटो बघणारा असतो, होलसेलचा भाव काढणारा असतो, शाळेचा प्रोजेक्ट करणारा असतो. 'पुरुषांसाठी कोल्हापुरी ९ नंबर', 'लग्नासाठी कापशी चप्पल', 'करकर वाजणारी कोल्हापुरी' असं लिहिणाऱ्याचा हात मात्र खिशाकडे गेलेला असतो. असे शोध थोडेच होतात, होऊ देत. तिथं तुमचं पान वर यायची आशा तरी आहे. मोठ्या शब्दावर मार्केटप्लेसवाले, म्हणजे अनेक दुकानदारांचा माल विकणाऱ्या मोठ्या साइट, ठाण मांडून बसलेत.

शब्द पक्का करण्याआधी तो ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोमध्ये गुगलवर टाका आणि पहिलं पान नीट बघा. नुसते लेख आणि व्हिडिओ दिसले, तर तिथं विक्रीचं पान घुसवून उपयोग नाही. 'कोल्हापुरी भिजली तर काय करायचं' हा असला शब्द. त्यावर चांगला लेख लिहा, सावलीत वाळवा, हीटरजवळ नेऊ नका हे सांगा आणि खाली दुकानाची लिंक द्या. विकणाऱ्यांची पानं दिसत असतील तरच तिथं आपला माल लावा.

कीवर्ड प्लॅनर उलटा वाचणं

कीवर्ड प्लॅनर म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणारं गुगलचं साधन. गुगल अ‍ॅड्स या जाहिरात सेवेचं खातं काढलं की हा फुकट मिळतो. जाहिरातीवर खर्च नसेल तर तो नेमका आकडा देत नाही, '१ हजार ते १० हजार' असा मोघम पल्ला दाखवतो. 'स्पर्धा' या रकान्यात 'कमी' दिसलं की लोक हुरळून जातात. ती जाहिरातदारांमधली स्पर्धा आहे. जाहिरात न देता वर येणं सोपं की अवघड, हे त्यावरून कळत नाही. 'चप्पल'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक पी की दोन, असे जवळचे प्रकार तो अनेकदा एकत्रच मोजतो. त्यांची बेरीज करून धंद्याचा अंदाज बांधलात तर फसलात.

महिन्याची सरासरीही जपून वाचा. भर पावसाळ्यात चामड्याची चप्पल कोण घेतंय? महिनावार आलेख बघा, नाहीतर शोध कधी वाढले-घटले हे दाखवणारं गुगल ट्रेंड्स उघडा. तिथले ० ते १०० म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात जिथं एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचं प्रमाण सगळ्यात जास्त, तो १०० धरून बाकीचं माप काढलेलं असतं.

आपले शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी घालणं

'पायताण' आपल्याकडं चालतं, दिल्लीचं गिऱ्हाईक ते टाइप करणार नाही. खरे शब्द दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेले असतात. 'दादा, रुंद पायाला बसेल का?' 'नवीन असताना चावत नाही ना?' हे जसंच्या तसं वहीत उतरवा. मग 'कोल्हापुरी' लिहून पुढं एकेक अक्षर टाकत गुगल काय सुचवतं ते बघा. मराठी माणूससुद्धा बऱ्याचदा रोमन लिपीतच टाइप करतो, म्हणून दोन्ही लिप्यांत करून बघा. वेबसाइटवर शोधपेटी असेल तर कोणत्या शब्दाला 'काही सापडले नाही' असं उत्तर गेलं, ते तपासा. गिऱ्हाईक दारात येऊन परत गेल्याची ती नोंद आहे.

दुकान सुरू होऊन काही महिने झाले असतील तर गुगलचं सर्च कन्सोल उघडा, आपली साइट गुगलवर कोणत्या शोधांत दिसली ते त्यात कळतं. त्यात १६ महिन्यांपर्यंतचे शोध दिसतात. पान अनेकांना दिसलं, पण क्लिक मोजकेच आले असतील, तर आधी शीर्षक सुधारा.

आणखी काही

एकच शब्द सगळ्या पानांवर लावला की आपलीच पानं एकमेकांना आडवी येतात. मोठा शब्द विभागाच्या पानाला द्या, बारीक शब्द एकेका जोडाला.

मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली कीवर्डची यादी, क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

रेक्झिनच्या जोडावर 'अस्सल कोल्हापुरी लेदर' हा शब्द तर लावूच नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायची कायदेशीर नोंद) मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. तो कायद्याचा भाग झाला. धंद्याचं बोलायचं तर, फसलेलं गिऱ्हाईक चप्पल परत पाठवतं आणि जाण्यायेण्याचं कुरिअर भाडं तुमच्या अंगावर पडतं.