डीएनएचे नमुने घेताना या चुका टाळा

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. बेळगावात न्यायवैद्यकाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या पोलिसांना आणि नव्या डॉक्टरांना मी हे दरवर्षी सांगतो, तरी दर पावसाळ्यात पिशव्या येतातच.

एका जुलैत घाटाकडच्या ठाण्यातून शर्ट आला. पिशवीला घट्ट गाठ, आतून पाणी सुटलेलं, कॉलरवर हिरवी-काळी बुरशी. गाठ सोडली तसा कुबट वास खोलीभर पसरला. आणणारा हवालदार म्हणाला, "पाऊस बघा की सर, कागदात गुंडाळलं असतं तर भिजलं असतं." पण शर्ट मुळातच ओला होता. गाठ मारून ती ओल आत कोंडली आणि जिवाणूंनी डाग खाऊन टाकला.

यात नेमकं काय जातं ते समजून घ्या. माणसामाणसांतला बहुतेक डीएनए सारखाच असतो. ओळख पटवायला प्रयोगशाळा काही ठरावीक जागा बघते, जिथे बहुधा चार अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांचा) छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या जागी तो तुम्हाला आईकडून 12 वेळा, वडिलांकडून 15 वेळा मिळालेला असेल. अशा वीसेक जागांचे आकडे काढले की एकसारखी जुळी भावंडं सोडली तर ती पूर्ण यादी दुसऱ्या कुणाशी जुळणं जवळपास अशक्य. त्यासाठी पीसीआर या प्रती काढायच्या तंत्राने त्या जागांच्या प्रती काढून लांबी मोजतात. ओलीत डीएनए तुटत जातो आणि लांब तुकडे आधी गळतात. त्या शर्टाचे मोजक्याच जागांचे आकडे आले, तेवढ्यावर कुणाचंही नाव ठामपणे सांगता येईना. मग बोल लॅबला. प्रती काढायला मूळ तर शिल्लक हवं!

मी असं करतो: टेबलावर स्वच्छ तपकिरी कागद, त्यावर कपडा पसरून रात्रभर पंख्याखाली, सावलीत. ऊन नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. दोन कपडे एकमेकांना लागू देत नाही. घडी घालताना डागावर कोरा कागद ठेवतो. मग कागदी पाकीट, लाखेची मोहोर, महजरावर, म्हणजे पंचनाम्यावर, पंचांच्या सह्या. पावसाची भीती असेल तर ते पाकीट पुठ्ठ्याच्या खोक्यात. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायला सांगितलंय. घाई करायची ती प्रवासात करा, वाळवण्यात नको. "एवढं कोण करत बसणार?" असं नवी मुलं विचारतात. ज्याला एक रात्र थांबवत नाही, त्याने हे काम अंगावर घेऊ नये.

दुसरी चूक हातमोज्यांची. एकाच जोडीने चाकू, चादर, दाराची कडी सगळं हाताळतात. जर्मनीत हाईलब्रॉन इथे 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका बाईचा डीएनए आधीच कितीतरी गुन्ह्यांत सापडला होता. 2009 मध्ये उलगडा झाला: तो नमुने घ्यायच्या कापसाच्या बोळ्यांवर, कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा होता. बोळे निर्जंतुक होते, पण जंतू मारल्याने डीएनए जात नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला नवे मोजे, आणि त्याच पाकिटातला एक न वापरलेला बोळा सोबत पाठवा.

कृष्णेत किंवा हिडकलच्या पाण्यात सापडलेल्या अनोळखी मृतदेहाचं हाड फॉर्मालिनमध्ये (अवयव टिकवायच्या द्रावणात) बुडवू नका, त्याने डीएनए खराब होतो. मांडीचं हाड किंवा शाबूत दाढ कोरडी करून कागदात पाठवा. जुळवायला आई हयात असताना भावाचं रक्त आणू नका. आईशी प्रत्येक जागी एक आकडा जुळतो, भावाशी तशी खात्री नसते.

रक्त जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीत घ्या, हेपरिनच्या हिरव्या नको.

केस मुळासकट हवा, कापलेला नको.

"कबुली मिळाली, आता नमुना कशाला?" हे ऐकलं की मला राग येतो. ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये लेस्टरला हे तंत्र शोधलं. तिथल्याच दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ते वापरलं, तेव्हा सुटला तो एका खुनाची कबुली दिलेला 17 वर्षांचा निर्दोष मुलगा. खरा खुनी त्यानंतर सापडला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. आणि जुळलं म्हणून लगेच गुन्हेगार ठरवू नका. डाग कुणाचा ते डीएनए सांगतो, कधी आणि कसा पडला ते नाही.

भीमगडच्या जंगलात शिकार झाली आणि मांस शिजलेलं सापडलं, तरी भांडं सोडून येऊ नका. पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागांच्या) डीएनएच्या शेकडो प्रती असतात आणि शिजल्यावरही त्यातल्या काही टिकतात. त्यावरून ते सांबराचं की बकऱ्याचं, हे बहुतेक वेळा कळतं. रस्सा निथळून मांसाचे तुकडे स्वच्छ डबीत, बर्फात ठेवून पाठवा.