वॉरंटीतल्या गाडीची ऑइल गळती: वर्कशॉपमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांसाठी

औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तुम्ही आता जॉबला लागताय, म्हणून ती आधी सांगतो.

धायरीचे एक काका जेमतेम 14,000 किलोमीटर झालेली गाडी घेऊन आले. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी तेलाचा डाग पडायचा. गाडी लिफ्टवर घेतली, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब लटकत होता. मी लगेच ठरवून टाकलं, क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग) गेलं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच आणि फ्लायव्हील काढलं, नवं सील बसवलं. दोन दिवस गेले. नवव्या दिवशी काका परत आले, डाग होता तिथेच.

फोरमन खाली वाकलेच नाहीत. बॉनेट उघडून छोटा आरसा आणि टॉर्च मागितला. टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचा, मागचा, गिअरबॉक्सच्या बाजूचा कोपरा ओला होता. पॅकिंग तिथे दुमडून दबलं होतं. तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत सांध्यापर्यंत यायचं आणि तिथून टपकायचं. "थेंब कुठे पडतो ते गिऱ्हाईक सांगतं. तेल कुठून निघतं ते आपण सांगायचं," एवढंच ते म्हणाले. मी काढलेलं सील कंपनीने तपासणीला मागवलं, त्यात दोष निघाला नाही आणि त्या कामाच्या खर्चासाठी कंपनीकडे केलेला वॉरंटीचा क्लेम नामंजूर झाला. वॉरंटीत जुना पार्ट टॅग लावून जपून ठेवावा लागतो, तो यासाठीच.

तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी पांढरा कागद घेतो. थेंब कागदावर टिपून बघायचा. इंजिन ऑइल तपकिरी नाहीतर काळं असतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट रंगीत, वासाला गोडसर. एसीचं पाणी ते पाणीच, पण नवी गाडी घेतलेली माणसं त्यालाही घाबरतात. त्यांना हसू नका, कागद दाखवा आणि समजावून सांगा.

मग डिपस्टिकवर तेलाची लेव्हल बघून जॉब कार्डवर (गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहायची आणि धुण्याआधीचे फोटो काढायचे. मुलं फोटो विसरतात. एकदा इंजिन धुतलं की पुरावा गेला. धुताना अल्टरनेटर आणि कनेक्टर झाकून घ्या, प्रेशरचा फवारा थेट त्यांच्यावर मारू नका. डीग्रीझर लावून, हवा मारून सगळं कोरडं करायचं. पावसाळ्यात खालून चिखलाचा थर असतो, तेव्हा हे काम दुप्पट वेळ खातं, पण ते टाळून चालत नाही. जुन्या ओघळावरून नवी गळती सापडत नाही.

ठिकाण तरीही दिसत नसेल, तर कंपनीला चालणारा डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) तेलात घालायचा आणि गाडी चांगली तापेपर्यंत चालवायची. भोसरीहून आळंदीला जाऊन आलं की बहुतेक वेळा पुरतं. गिऱ्हाईक म्हणत असेल की घाट चढल्यावरच गळतं, तर कात्रजचा घाट चढून या. मग यूव्ही टॉर्चखाली तेल पिवळं-हिरवं चमकतं. आता वरून खाली बघत यायचं. चमकणारी सर्वांत वरची जागा पकडायची. गाडी चालताना वाऱ्याने तेल मागे उडतं, हेही लक्षात ठेवा.

नुकतीच सर्व्हिसिंग झालेली गाडी असेल, तर आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर बघा. जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर तेलाची धारच लागते. ऑइल प्रेशर स्विचचा कनेक्टर काढून आत तेल आहे का तेही बघा.

एक गोष्ट मात्र कुणीच नीट शिकवत नाही: ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट. त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. तुम्ही एक सील बदलता, महिन्याभराने दुसरं पाझरतं. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओल दिसली, तर सीलला हात लावण्याआधी ब्रीदर तपासा.

चेंबरवर (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यावर) ठोका किंवा ओरखडा दिसला, तर लगेच गिऱ्हाईकाशी बोलणाऱ्या ॲडव्हायझरला बोलवा. स्पीडब्रेकरवर आपटलेला चेंबर सहसा वॉरंटीत बसत नाही आणि ते गिऱ्हाईकाला काम सुरू करण्याआधी कळलं पाहिजे. नुसतं 'ऑइल लीक' असंही लिहू नका. कुठला कोपरा, थेंब पडतो की फक्त ओल आहे, किती किलोमीटरला, हे सगळं लिहा. क्लेम वाचणारा माणूस गाडी बघत नाही, तुमचं लिखाण आणि फोटो बघतो.

दुरुस्तीत घाई सर्वांत जास्त सीलंट लावताना होते. ॲल्युमिनियमची बैठक स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, प्लास्टिकचा स्क्रेपर वापरा. सीलंट जास्त लावलं, तर आत सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ ते सुकू द्या, मगच तेल भरा. बोल्ट टॉर्क पान्यानेच, दिलेल्या क्रमाने आवळा.

काकांच्या गाडीचं पॅकिंग मी स्वतः बदललं. गाडी देताना म्हटलं, "काका, आठवडाभर रात्री खाली पुठ्ठा ठेवा आणि तो मला आणून दाखवा." पुढच्या शनिवारी ते पुठ्ठा काखेत घेऊन आले. पुढच्या चाकाची जागा त्यांनी पेनने आखली होती. एसीच्या पाण्याचे वाळलेले डाग होते, तेलाचा एकही नव्हता. त्याचा फोटो काढून जॉब कार्डला जोडला.